१८०९ चा बेपत्ता ज्वालामुखी

आजचा अख्खा दिवस एका आलेखापायी गेला. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या गाभ्यांमधलं सल्फेट, वर्षवार मांडलेलं. रेघ बरीचशी सपाट, मध्येच एखादा सुळका. असे उंच सुळके बहुतेक उद्रेकांचे. ज्वालामुखीतल्या सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फ्युरिक आम्ल होतं, ते हिमासोबत खाली येतं आणि त्या-त्या वर्षाच्या थरात गाडलं जातं.

१८१५ चा तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक दोन्ही ध्रुवांवर दिसतो. १२५८ च्या आसपासचा प्रचंड सुळका तर कित्येक वर्षं बेवारस होता. २०१३ मध्ये त्याचा धनी सापडला, इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा सामालास.

पण मला वेड लावलं ते १८०९ नं. तांबोराच्या जेमतेम सहा वर्षं आधी, सल्फेट दोन्ही ध्रुवांवर, म्हणजे उद्रेक चांगलाच दणदणीत आणि बहुधा उष्ण कटिबंधातला. आणि ज्वालामुखी कुठला, ते अजून कुणाला ठाऊक नाही! नेपोलियनच्या लढाया तारीखवार माहीत आहेत, जगभर जहाजं फिरत होती, तरी हा डोंगर निसटला. (१८३१ चं असंच कोडं मात्र अलीकडे सुटलं. बर्फातले राखेचे बारीक काचकण कुरिल बेटांवरच्या झावारित्स्कीशी जुळले.)

एक धागा आहे. कोलंबियातल्या बोगोटाच्या वेधशाळेतल्या काल्दास या शास्त्रज्ञानं डिसेंबर १८०८ पासून सूर्यावर पातळ पडदा आल्याचं, त्याचं तेज मंदावल्याचं लिहून ठेवलंय. तो पडदा त्याच उद्रेकाचा असावा, असं काही संशोधकांना वाटतं; सल्फेट बर्फात उतरेपर्यंत काही महिने जातात, म्हणून सुळका १८०९ चा. मलाही पटतंय.