१४ दिवस, सायकल आणि मी एकटी: तयारीतलं काय कामी आलं

परवा रात्री घरी पोचले. १४ दिवस, त्यातले १२ दिवस सायकल चालवली, २ दिवस आराम, एकूण १,०८६ किमी, सगळं सामान सायकलवर आणि सोबत कुणी नाही. पाय अजून जड आहेत, पण डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते. निघायच्या आधी ज्या गोष्टींचा मी महिनाभर कीस पाडला त्यातल्या निम्म्या रस्त्यावर आठवल्यासुद्धा नाहीत, आणि ज्या दोन-तीन गोष्टी केल्या म्हणून वाचले त्या करायला फक्त दोन दिवस लागले होते.

ग्रुपने जाताना पंप एकाकडे असतो, चेनचं टूल दुसऱ्याकडे, आणि काही बिघडलं की डोकं शांत ठेवणारा कुणीतरी तिसरा असतो. एकटं निघालं की ही तिन्ही माणसं आपणच. त्यामुळे सोलोची तयारी म्हणजे सामानाची यादी पूर्ण करणं नाही, ती रंगीत तालीम आहे. खरं सामान, खरं वजन, एक रात्र बाहेर, दुसऱ्या दिवशी दुखत्या अंगाने परत सीटवर. मी निघायच्या तीन आठवडे आधी शनिवार-रविवार हे केलं, पहिल्या दिवशी ७० किमी आणि दुसऱ्या दिवशी ६५.

त्या दोन दिवसांत इतकं काही बाहेर आलं की काय सांगू. मागच्या पॅनियरला (कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग) प्रत्येक पॅडलला टाच घासत होती, बॅग चार बोटं मागे सरकवावी लागली. कॅरिअरचा एक बोल्ट ४० किमीवर ढिला झाला, तर घरी आल्यावर सगळ्या बोल्टना थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावलं आणि दोन जादा बोल्ट बॅगेत टाकले (हे छोटे बोल्ट वाटेत मिळतीलच असं नाही, घेऊनच निघा). सगळं वजन मागे असल्यामुळे उतारावर हँडल थरथरायला लागलं, ते फार भीतीदायक असतं. जड वस्तू, म्हणजे टूल, पाणी, चार्जर, खाली आणि थोड्या पुढे आणल्यावर थरथर गेली. आणि हेडलॅम्प बॅगेच्या तळाशी होता, अंधार पडल्यावर तो शोधायला अख्खी बॅग रिकामी केली. आता तो हँडलबॅगमध्येच असतो.

शरीराच्या तयारीबद्दल थोडक्यात. मी १० आठवडे दिले. एका दिवसात १५० किमी मारून दाखवायची सगळ्यांना हौस असते, पण टूरवर त्याचा फारसा उपयोग नाही. लागोपाठ दोन दिवस, मग तीन दिवस चालवायची सवय लावा, आणि शेवटचा आठवडा हलकं चालवा. चढावर पाय गरगर फिरले पाहिजेत, ढकलावे लागता कामा नयेत. मिनिटाला ७० ते ९० फेऱ्यांच्या आसपास राहिलं तर गुडघे वाचतात. त्यासाठी गियर हलके हवेत. माझ्याकडे पुढच्या सगळ्यात लहान दातेरी चक्राला ३० दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला ३४, म्हणजे पॅडलची एक फेरी झाली तरी चाकाची पूर्ण एक होत नाही. रिकाम्या सायकलवर हा गियर उगाच वाटतो, पण सामानासकट पाचव्या दिवशीच्या ११ किमीच्या सलग चढावर मी त्याच्यावरच होते, आणि न उतरता वर पोचले.

सीटची उंची हा विषय कंटाळवाणा वाटतो पण १२ दिवसांत हजारो वेळा तीच हालचाल होते, तर तिथे आळस करू नका. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडासा बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. बदल करायचा तर २-३ मिमीचाच, आणि मग एक-दोन दिवस बघायचं. सीट स्वतःच्या हाडांना बसणारी हवी. खूप मऊ सीट पहिल्या तासाला सुखाची वाटते आणि चौथ्या तासाला जीव नकोसा करते. पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते. दोन शॉर्ट पुरतात, एक अंगावर, एक धुऊन वाळत, आणि पोचल्यावर पहिलं काम ती बदलायचं. एकदा कातडी सोलली की दुसरा कुठलाही उपाय टूर वाचवत नाही.

हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मला तिसऱ्या दिवशी बधिर व्हायला लागलं. तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जाते त्याने होतं. हँडल थोडं वर घेतलं, दर १०-१५ मिनिटांनी हाताची जागा बदलत राहिले, दोन दिवसांत कमी झालं. याकडे दुर्लक्ष करू नका, बधिरपणा आठवडे राहू शकतो.

आता मुख्य किस्सा. तालमीनंतर मागचं चाक थोडं आऊट, म्हणजे फिरताना डुलणारं, दिसत होतं, म्हणून मी निघायच्या १० दिवस आधी त्याच्या सगळ्या तारा बदलून घेतल्या. दिसायला चाक एकदम सरळ. पण नंतर सामान लादून ते एकदाही चालवलं नाही, वेळच नव्हता. सातव्या दिवशी खडबडीत उतारावर मागून टिंग असा आवाज आला आणि चाक ब्रेक पॅडला घासायला लागलं. तार तुटली होती, आणि तुटली ती कॅसेटच्याच (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) बाजूची. त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो आणि वर सामानाचं वजन मागे, त्यामुळे हे नेहमीचं दुखणं आहे, पण बदलायची तर कॅसेट काढावी लागते आणि त्याची टूल जड म्हणून कुणी सोबत नेत नाही. आजूबाजूला वस्ती नाही, दुपारचे साडेतीन.

माझ्याकडे दोरीची तार होती, मजबूत धाग्याची तात्पुरती तार मिळते ती. ती कॅसेट न काढता हबच्या (चाकाचा मधला भाग) भोकातून ओवता येते. तेवढी पंधरा ग्रॅमची वस्तू मी घरी दोनदा लावून बघितली होती म्हणून तिथे पंचवीस मिनिटांत झालं. शेजारच्या तारा अर्धा अर्धा आटा कमी-जास्त करून चाक घासायचं थांबवलं, मागचा ब्रेक थोडा ढिला केला आणि बॅगेतलं जड सामान पुढे घेतलं. मग ३८ किमी हळूहळू, खड्डा दिसला की सीटवरून उठत. गावात मेकॅनिककडे कॅसेट काढायचं टूल होतं पण माझ्या मापाची तार नव्हती. ती माझ्याकडे होती, निघताना फ्रेमला टेपने तीन तारा चिकटवल्या होत्या. तारांची लांबी मिमीमध्ये मोजतात आणि मागच्या चाकात दोन्ही बाजूंची बहुतेक वेगळी असते, तर दोन्ही मापं लिहून ठेवा आणि दोन्हींच्या तारा न्या.

नवीन बांधलेल्या चाकाच्या तारा पहिल्या काहीशे किमीत बसतात आणि ढिल्या पडतात, मग परत ताणून घ्याव्या लागतात, ढिली तारच सारखी वाकून वाकून तुटते. हे मला ठाऊक होतं तरी मी घाई केली. जी एकच गोष्ट तालमीतून गेली नव्हती नेमकी तीच गेली. म्हणून माझं अगदी कळकळीचं सांगणं, शेवटच्या दोन आठवड्यांत सायकलला नवीन काही लावू नका, आणि लावलंच तर सामान लादून निदान १०० किमी चालवा आणि चाक परत दाखवा.

चेन मात्र आधीच मोजली होती. चेनची १२ जोडी कडी बरोबर १२ इंच भरते, पट्टी लावून पाव इंचाचा चौथा भाग जरी जास्त भरला तर चेन साधारण अर्धा टक्का ताणली गेली, टूरच्या आधी बदलून टाका, नाहीतर ती कॅसेटचे दात खाते. दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या सुट्या कड्या) बरोबर ठेवा. दर दोन दिवसांनी फडक्याने पुसून थोडं तेल, आणि वरचं जास्तीचं तेल पुसायचंच, नाहीतर धूळ चिकटून दगडी पेस्ट होते.

पंक्चर तीन झाली. दोन नव्या ट्यूब आणि पॅच किट, एवढ्यात भागलं. रस्त्यावर ट्यूब बदलायची आणि पॅच संध्याकाळी मुक्कामी लावायचा, कारण सोल्यूशन लावून पाचेक मिनिटं वाळू दिल्याशिवाय पॅच नीट धरत नाही आणि उन्हात उभं राहून तेवढा धीर निघत नाही. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच असतो, माझं तिसरं पंक्चर दुसऱ्या पंक्चरच्या वेळी आत राहिलेल्या काट्यानेच झालं. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा, आणि टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत. चाक काढून ट्यूब बदलणं घरी अंधारात, फक्त हेडलॅम्पवर एकदा करून बघा. आणि सायकल खोक्यात भरायची असेल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून लावून ते अजून घट्ट कराल.

सामान. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स उंच चाकाच्या सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या शेवटी योकोहामाला पोचून जगाची फेरी पूर्ण केली, निघताना त्याच्याकडे मोजे, एक जादा शर्ट, एक रिव्हॉल्व्हर आणि तंबू म्हणूनही वापरता येणारा रेनकोट, एवढंच. रिव्हॉल्व्हर सोडा, पण एका वस्तूची दोन कामं हा हिशेब मला फार पटला. माझं सामान १३ किलो होतं, दुसऱ्या आराम-दिवशी २ किलो घरी पाठवलं आणि एकदाही त्याची आठवण झाली नाही. त्यात तिसरा टी-शर्ट, जाड टॉवेल, मोठं कुलूप आणि वाचायला घेतलेलं पुस्तक होतं. १०,००० एमएएचची पॉवर बँक मला दोन दिवस पुरायची, नकाशे ऑफलाइन उतरवलेले आणि फोन बहुतेक वेळ फ्लाइट मोडवर. रूट कागदावर पण लिहून ठेवला होता, पावसात तोच वापरला.

खाणं-पिणं यात भुकेची वाट बघू नका. दीड-दोन तासांच्या मेहनतीत शरीरातली साठवलेली साखर बरीचशी संपते आणि मग एकदम पाय गळतात, चिडचिड होते, निर्णय चुकतात. दर तासाला थोडं खायचं, भूक असो नसो. आणि उन्हात नुसतं पाणीच ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं, तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं पाणी मधे मधे हवंच.

एकटीने जाताय म्हणजे सुरक्षिततेबद्दल सगळे विचारणार. मी बहिणीशी ठरवलं होतं, रोज मुक्कामाचं ठिकाण सकाळी कळवायचं आणि संध्याकाळी ७ पर्यंत पोचल्याचा मेसेज, ९ पर्यंत नाही आला तर तिने आधी मला, मग मुक्कामाच्या ठिकाणी, मग पोलिसांना फोन करायचा. ही शेवटची पायरी आधी ठरलेली असली पाहिजे, नाहीतर घरचे काळजी करत बसतात आणि नेमकं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. तार तुटली त्या दिवशी मी ८:४० ला मेसेज केला, तोवर तिचे दोन फोन येऊन गेले होते. अनोळखी माणसाला आजचा मुक्काम कुठे ते खरं सांगायचं नाही. पहाटे लवकर निघा आणि अंधाराच्या निदान एक तास आधी पोचा, म्हणजे बिघाडाला तेवढा वेळ हातात राहतो. मागचा लाल दिवा मी दिवसाही चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला रडू आलं. समोरून वारा, ताशी ११-१२ च्या पुढे सायकल जात नव्हती, आणि आपण हे कशासाठी करतोय हेच कळेना. तिसरा-चौथा दिवस बऱ्याच जणांना जड जातो, अंग अजून सरावलेलं नसतं आणि घर अजून जवळ वाटत असतं. मी ठरवलं होतं की चढावर, वाऱ्यात किंवा उपाशीपोटी परत जायचा निर्णय घ्यायचा नाही, जेवून, झोपून, सकाळी घ्यायचा. जेवले, नऊ तास झोपले, सकाळी वारा पडला होता. त्या दिवशी १०४ किमी झाले.

काल सायकल धुतली. चेन मोजली, अजून चालेल. मागच्या चाकाच्या तारा एकेक दाबून बघितल्या, तीन ढिल्या लागल्या, उद्या घेऊन जाते.