६/६ पी

अपघातानंतर म्हाताऱ्या माणसाला माझ्याकडे आणतात ते चष्म्यासाठी. 'नंबर बदललाय का बघा.' ७६ वर्षांच्या या काकांना त्यांची मुलगी तशीच घेऊन आली. चौकात वळताना डावीकडून आलेली मोटरसायकल त्यांच्या गाडीवर आदळली होती. चालवणाऱ्या मुलाचं कॉलरबोन मोडलं. "आला कुठून तेच कळलं नाही," काका म्हणाले. मुलगी वैतागलेली. "लक्षच नसतं हो बाबांचं. डावा आरसा वर्षात दोनदा फुटलाय."

आरशाचं ऐकलं आणि मी जरा सावध झाले.

मोतीबिंदूची ऑपरेशनं छान झालेली. तक्ता दोन्ही डोळ्यांनी ६/६ पर्यंत, म्हणजे चांगल्या नजरेच्या ओळीपर्यंत. फक्त खालच्या ओळींत पहिलं अक्षर सुटत होतं. "अजून काही आहे का?" म्हटलं की मान किंचित वळवून तेही वाचायचे. उजव्या डोळ्याने तेच, डाव्याने तेच.

फील्ड टेस्टला बसवलं. नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि आजूबाजूला ठिपका चमकलेला दिसला की बटण दाबायचं; कडेचं किती दिसतं ते त्यातून कळतं. हे काम नीट करायला वेळ लागतो आणि तो कुणालाच द्यायचा नसतो. आमच्याकडची नवी मुलं हातात बटण देऊन मोबाइल बघत बसतात, मग रिपोर्ट कचऱ्यासारखा येतो. वयस्कर माणसाची पापणी खाली आलेली असते, ती कागदी टेपने वर चिकटवावी लागते, नाहीतर वरची नजर गेल्यासारखी दिसते. शिवाय आधीच सांगावं लागतं की निम्म्याअधिक ठिपक्यांचा उजेड तुम्हाला दिसणारच नाही, मशीन मुद्दाम इतका मंद करतं. नाही सांगितलं तर माणूस परीक्षेला बसल्यासारखा घाबरतो आणि नजर हलवून दिवे शोधू लागतो. काका मात्र शहाण्यासारखे मधल्या दिव्याकडे बघत राहिले.

उजव्या डोळ्याचा कागद आला. डावी बाजू काळी, आणि काळं संपतं ते मधल्या उभ्या रेषेवर, पट्टी लावून कापल्यासारखं. काचबिंदू असा रेघ मारून थांबत नाही. डाव्या डोळ्याचा कागदही हुबेहूब तसाच. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे दिसतं ते मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतं. म्हणजे दोष डोळ्यांत नव्हताच, मेंदूच्या उजव्या बाजूला मागे होता. एमआरआयमध्ये तिथे जुना स्ट्रोक निघाला.

काकांना पटेना. "मग मला डावीकडे काळं दिसायला हवं ना?"

"तुमच्या डोक्यामागे आत्ता काय दिसतंय? काळं?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग किल्ली खिशातून काढून मुलीच्या हातात दिली, माझ्याकडे न बघता. हे काका रात्री गाडी काढत नव्हते, पावसात नाही, ठरलेल्या रस्त्यांपलीकडे नाही. म्हातारे चालक बेफिकीर असतात असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी जेवढं कळत होतं तेवढं सगळं सांभाळलं होतं.

कळायला हवं होतं ते मला. आठ महिन्यांपूर्वी गाडी चालवण्याच्या फिटनेस फॉर्मवर यांची नजर मीच तपासली होती. काही देशांत आडवी १२० अंशांची नजर शाबूत असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. माझ्यापुढच्या फॉर्मवर तक्त्याचा एकच रकाना होता, तो मी भरला. समोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवून बघायला अर्धा मिनिट लागतो. बाहेर रांग होती.

स्ट्रोक नेमका कधीचा, ते एमआरआयवरून सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. काकांना एवढंच आठवतं की गेल्या वर्षी दोन दिवस डोकं फार दुखलं होतं आणि पित्त समजून ते झोपून राहिले. माझ्या तपासणीच्या आधी की नंतर, आठवत नाही.

संध्याकाळी जुना केसपेपर काढला. अक्षर माझंच. दोन्ही डोळ्यांपुढे '६/६ पी'. पी म्हणजे पार्शल, ओळीतलं एखाददुसरं अक्षर सुटलं. कुठलं सुटलं ते आम्ही लिहीत नाही.