फोर्टवर्थ ते ग्रेट सँड ड्यून्स, दोनदा: फिफ्थ व्हीलचे धक्के कमी करताना

विचिटा फॉल्सच्या थोडं अलीकडे आईने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जरा थांबवतेस का गं? पाठीत कळ येतीय." फोर्टवर्थमधून निघून दोन तासही झाले नव्हते. कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्सपर्यंत आमच्या रस्त्याने साधारण ७०० मैल. त्यातले १०० झाले होते आणि आईचा चेहरा उतरला होता.

आई एप्रिलमध्ये कोरेगावहून आमच्याकडे आली. मणक्याचा त्रास जुना आहे, त्यामुळे हॉटेलं बदलत फिरण्यापेक्षा स्वतःचा पलंग आणि स्वतःचं स्वयंपाकघर सोबत असलेलं बरं, असा माझा आणि नवऱ्याचा विचार होता. दोन वर्षांपूर्वी घेतलेला फिफ्थ व्हील ट्रेलर होताच. पाऊणटनी पेट्रोल पिकअप, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. आम्ही दोघं आणि लेक असे तिघंच जायचो तेव्हा धक्के जाणवायचे, पण 'ट्रेलर ओढायचा म्हणजे एवढं चालायचंच' असं आम्ही धरून चाललो होतो. आईच्या पाठीने ते आम्हाला धरू दिलं नाही, याचं मला आज बरं वाटतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येतो आणि त्याची दोन इंच जाडीची किंगपिन हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. घोडागाडीच्या पुढच्या आसावर, वळण्यासाठी, एक आडवं चाक बसवायचे. 'पाचवं चाक' हे नाव तिथून आलं. वजन थेट मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतं, त्यामुळे वाऱ्यात शेपूट हलवण्याचा त्रास फार कमी. पण त्याच्या बदल्यात एक वेगळा छळ असतो: गाडी आणि ट्रेलर एकमेकांना पुढेमागे ढकलत राहतात. इकडे त्याला 'चकिंग' म्हणतात. काँक्रीटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर पाठीत कुणी तळहाताने धक्का मारावा तसं वाटतं. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर जो बसला आहे त्याला हे सांगायला नको. ट्रॉलीच्या पिनमध्ये जेवढा प्ले, तेवढा धक्का.

त्या दिवशी यूएस २८७ वरून रडतखडत अमरिलोला पोहोचलो. ट्रक स्टॉपवर आई खाली उतरली आणि पाय मोकळे करत ट्रेलरभोवती एक फेरी मारून आली. मागच्या रॅकवर चार सायकली, मागच्या कप्प्यात जनरेटर, हत्यारांची पेटी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. ती म्हणाली, "गाडी उलाळ भरलीय तुमची."

माझे आजोबा बैलगाडीत कडबा भरताना हा शब्द वापरायचे. मागे वजन जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांच्या खांद्यावर दाब राहत नाही आणि गाडी हिसके देते. तिचं बोलणं नवऱ्यालाही पटलं. "आई, तुम्ही म्हणताय ते आत्ता मोजूनच बघू," असं म्हणून त्याने तिथल्याच कॅट स्केलवर गाडी चढवली. या काट्यावर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळे मोजले जातात. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून, तीच माणसं आणि तेवढंच पेट्रोल ठेवून, नुसती पिकअप पुन्हा मोजली. दोन चिठ्ठ्यांची वजाबाकी केली की सगळं कळतं.

ट्रेलरसकट पिकअपच्या दोन्ही आसांवर ९,१०० पौंड, ट्रेलरच्या आसांवर ८,२६०. नुसती पिकअप ७,७००. म्हणजे पिनवर फक्त १,४०० पौंड आणि पूर्ण ट्रेलर ९,६६० पौंडांचा. साडेचौदा टक्के. फिफ्थ व्हीलमध्ये पिनवर ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार हवा. २० च्या आसपास असला तर उत्तम. आईचा शब्द काट्यावर खरा ठरला.

पुढचे दोन तास आम्ही सामान हलवलं. सायकली आत नेऊन ट्रेलरच्या चाकांच्या वर आडव्या बांधल्या. जनरेटर, पेटी, बाटल्या पुढच्या मोठ्या कप्प्यात. पिण्याच्या पाण्याची टाकी आमच्या ट्रेलरमध्ये आसांच्या मागे आहे. तिच्यात जवळपास ३१ गॅलन पाणी होतं, ते सोडून दिलं. एका गॅलनचं वजन ८.३ पौंड, म्हणजे २६० पौंड उगाच शेपटीला लटकवले होते. पुन्हा काट्यावर: ट्रेलर ९,४००, पिन १,८६०. वीस टक्क्यांना थोडं कमी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. पिनवर भार वाढवायच्या आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. आमच्यावर माणसं, सामान, हिच आणि पिन मिळून ३,०४० पौंडांची मर्यादा लिहिलेली आहे. चार माणसांचे साधारण ६००, हिचचे १५०, पिनचे १,८६०. बसतं. पुष्कळ पिकअपांचं बसत नाही. मग सामान पुढे न सरकवता ते घरी ठेवणं हाच उपाय. गाडी किती ओढू शकते याची जाहिरात सगळे करतात, पण फिफ्थ व्हीलमध्ये ती किती पाठीवर घेऊ शकते हे आधी संपतं.

त्याच थांब्यावर टायरही तपासले. 'ट्रेलर ओढायचा म्हणजे सगळीकडे ८० पीएसआय' असं मी करत आले होते. स्टिकरवर पुढच्या टायरना ६० आणि मागच्यांना ७० लिहिलं होतं. टायर थंड झाल्यावर पुढचे ६० वर आणले. मागच्यांवर आता भार वाढला होता, म्हणून ते ७० च्या खाली नेले नाहीत. ट्रेलरच्या टायरमध्ये मात्र आरामासाठी हवा कमी करू नका. तिथे स्टिकरवर असेल तेवढीच, आमच्याकडे ८०. कमी हवेचा ट्रेलर टायर तापतो आणि फुटतो, आणि फुटताना चाकाजवळची फळी व खालच्या तारा सोबत घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी ड्यूमस, डॅलहार्ट, क्लेटन करत यूएस ८७ वरून न्यू मेक्सिकोत शिरलो. सपाट माळ, बाजूने वारा. आई म्हणाली, "कालच्यापेक्षा निम्मं." माझ्या हातांनाही तसंच जाणवत होतं. पण निम्मं राहिलंच होतं, विशेषतः ब्रेक लावताना. ते सापडलं रॅटनच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर. ताशी २५ मैलांवर, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या कंट्रोलरचा हातातला दांडा दाबला तर ट्रेलर जेमतेम मागे ओढल्यासारखा वाटला. म्हणजे थांबवायचं सगळं काम पिकअप करत होती आणि मागून साडेनऊ हजार पौंड तिच्या पाठीवर येऊन आदळत होते. कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, थोडा थोडा वाढवत नेला, चाकं लॉक होणार नाहीत पण ट्रेलर स्वतःला आवरेल इतका. फुकटातली दुरुस्ती, आणि पुढे रॅटन पास होता.

हा पास ७,८३४ फुटांवर आहे, इंटरस्टेट २५ वर. चढ कठीण नाही. ट्रिनिडॅडकडे उतरताना टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) आणि खालचा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ट्रिनिडॅड, वॉल्सनबर्ग, मग यूएस १६० वरून ९,४१३ फुटांचा नॉर्थ ला व्हेटा पास. राष्ट्रीय उद्यानातल्या पिन्यन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडला वीज-पाण्याची जोडणी नाही आणि मोठे ट्रेलर तिथे मावत नाहीत. आम्ही अलामोसाच्या बाजूला खाजगी जागेत उतरलो आणि उद्यानात नुसत्या पिकअपने गेलो. मेच्या अखेरीला मेडानो क्रीक भरून वाहते, वाळूच्या पायथ्याशी घोट्याएवढं थंडगार पाणी लाटालाटांनी येतं. मागे साडेसातशे फुटांच्या टेकड्या, सगळी वाळू. आई पातळ वर धरून अर्धा तास त्या पाण्यात उभी होती. पाठीचं नावही काढलं नाही.

परतताना ठरवलं की उरलेलं निम्मंही शोधायचं, आणि सप्टेंबरअखेर, ती भारतात जायच्या आधी, हाच रस्ता पुन्हा करायचा.

घरी आल्यावर नवऱ्याने ट्रेलर जॅकवर घेतला. पाट्या जोडणाऱ्या लोखंडी दुव्यांमध्ये, म्हणजे शॅकलमध्ये, बोल्टभोवती प्लॅस्टिकच्या नळ्या, म्हणजे बुश, असतात. आमचे एका बाजूने पार झिजले होते आणि दोन शॅकलची भोकं लांबट झाली होती. काही हजार मैलांत हे होतं, बाहेरून दिसत नाही. त्यांच्या जागी काशाचे बुश, ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि जाड शॅकल घातले. दोन पाट्यांच्या मधला, दोन्ही आसांवर भार वाटणारा इक्वलायझर रबर बसवलेला घेतला. हे काम एका शनिवार-रविवारात घरी होतं, पण ट्रेलरची मूळ फ्रेम भक्कम स्टँडवर नीट टेकवल्याशिवाय त्याखाली जाऊ नका. जॅकच्या भरवशावर कुणीही ट्रेलरखाली शिरू नये.

मग हिच. जबडा बंद असतानाही किंगपिन पुढेमागे हलत होती. हाताने कळत नाही. चाकांना ठोकळे लावायचे, एकाने पिकअप हळूच पुढे, मग मागे घ्यायची आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून पिनकडे बघायचं. हौद्यात वाकू नका, बोटं घालू नका. आमच्या हिचचा जबडा झिजलेला निघाला, तो बदलला. हिच आणि पिन बॉक्स (ट्रेलरच्या पुढचा, किंगपिन धरणारा भाग) यांच्यामध्ये प्लॅस्टिकची चकती घालून ग्रीसची घाण टाळता येते, पण ती आपल्या हिचला चालते का ते आधी पाहा. जाड चकतीमुळे पिन वर राहिली तर जबडा नीट बंद होत नाही. दर वेळी जोडल्यावर, ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून पिकअप पुढे खेचून पाहायची. मिनिटाचं काम आहे आणि ते कधीच चुकवू नये.

सगळ्यात मोठा खर्च पिन बॉक्सचा. रबरावर तरंगणारा मोरराइड कंपनीचा घेतला. हवेच्या पिशवीवरचेही मिळतात. ते खाली-वरचे हादरे छान खातात, पण आमचं दुखणं पुढे-मागचं होतं आणि त्यासाठी रबराचं मला पटलं.

पिकअपच्या मागच्या आसावर बसवायच्या एअर बॅगबद्दल (हवा भरायच्या पिशव्या) खूप जण विचारतात, कारण सगळे पहिली खरेदी तीच करतात. मित्राकडून आम्हीही घेतल्या. ६० पीएसआय भरल्यावर मागचा भाग लाकडासारखा कडक झाला, खड्ड्यांवर आईला मेपेक्षा वाईट वाटलं असतं. २५ वर आणल्यावर पिकअप सरळ उभी राहिली आणि तेवढंच त्यांचं काम आहे. बसलेली गाडी त्या उचलतात. चकिंग त्यांनी जात नाही, आणि दारावरच्या स्टिकरचा आकडा तर एका पौंडानेही वाढत नाही. गाडी उचलली गेली की ट्रेलर समतल आहे ना आणि हौद्याच्या कडेपासून सहा इंच तरी मोकळे आहेत ना, हे पुन्हा पाहायला हवं.

सप्टेंबरात तोच विचिटा फॉल्सचा रस्ता आला. मी ताशी ६८ वरून ६३ वर आले, कारण सांध्यांच्या एका ठरावीक अंतराला एक ठरावीक वेग लागला की दोन्हीचा ठेका जुळतो आणि धक्के वाढतात. चार-पाच मैल कमीजास्त केलं की तो मोडतो. आरशात पाहिलं तर आई मान कलती टाकून झोपली होती.

या वेळी रॅटनला एक रात्र ट्रेलर सोडून कॅप्युलिन ज्वालामुखीवर गेलो. वरच्या रस्त्यावर ट्रेलर नेता येत नाही, त्यामुळे जाताजाता थांबू असा बेत करू नका. ला व्हेटा पासवर अस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. ट्रेलरमध्ये मे महिन्यात लोणच्याची बरणी फुटली होती. या वेळी बरणी पुढच्या कपाटात ठेवली आणि तशीच्या तशी परत आली. शेवटची खोली म्हणजे एसटीची शेवटची सीट, काचेचं काही तिथे ठेवायचं नाही.

घरी आल्यावर पिन बॉक्सचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले; दोन थोडे सैल निघाले. नवीन बसवलं असेल तर पहिल्या शंभर मैलांनंतर हे कराच, आम्ही करायला उशीर केला.

आई आता कोरेगावला आहे. परवा फोनवर तब्येतीचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "पुढच्या खेपेला सायकली कुठं ठेवणार?"