असू दे

आमच्या सोसायटीत दर रविवारी येणारा रद्दीवाला पिशवीतून आकड्याचा काटा काढतो, गठ्ठ्याच्या सुतळीत अडकवून वर उचलतो आणि आकडा स्थिर व्हायच्या आत "साडेचार" म्हणून मोकळा होतो. मार्चअखेरच्या एका रविवारी मी त्याच्यापुढे गठ्ठ्याऐवजी चाकांची छोटी बॅग ठेवली. त्याने ती उचलली, खाली ठेवली, परत उचलली आणि या खेपेला मात्र आकडा थांबेपर्यंत थांबला.

"सात सहाशे. काय आहे ताई, पुस्तकं?"

"कपडे. दीड महिन्याचे."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. जाता जाता त्याने आठवण करून दिली, "माळ्यावरची ती इंजिनिअरिंगची पुस्तकं काढणार होतात ना?" म्हटलं, परत आल्यावर बघू. त्या क्षणी मला फक्त वरचे सहाशे ग्रॅम दिसत होते.

लेक नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा आम्ही दोघं मिळून दोन अवाढव्य बॅगा घेऊन गेलो होतो आणि त्या बॅगांची गाठ डच जिन्याशी पडली. डच घरातला जिना म्हणजे आपल्या पोटमाळ्याची शिडी, फक्त तिला गालिचा चिकटवलेला. पायरीवर पाऊल आडवंच ठेवावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांच्या तर माथ्यावरच एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला आकडा असतो. सोफा, कपाट असलं काही जिन्यातून जाणारच नाही हे गृहीत धरून ते दोरीने वर ओढून खिडकीतून आत घेतात. लेकीच्या घराला आकडा नव्हता, जावई होते. त्यांनी दोन्ही बॅगा वर नेल्या. काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून ऑफिसला गेले, एवढंच.

म्हणून या खेपेला मी जाहीर केलं: पंचेचाळीस दिवस आणि माणशी एक केबिन बॅग. ७ किलो.

यावर घरात काही झालं नाही, पण इमारतीत खळबळ उडाली. तिकिटावर माणशी २३ किलो चेक-इनचे होते आणि ते आम्ही वापरणार नव्हतो. "अहो, पैसे भरलेत ना त्याचे? तेवीस आणि तेवीस सेहेचाळीस किलो फुकट घालवणार?" पुण्यात माणूस फुकट गेलेला एक वेळ चालतो, किलो गेलेले चालत नाहीत. माझे ते सेहेचाळीस किलो म्हणजे गावाच्या मध्यावरचा कुंपण नसलेला प्लॉट झाला. जो येईल तो डोळ्यांनी मोजून जाई. समोरच्या वहिनींचा भाचा नेमका तिकडेच, "गाडीने तासाभरावर" राहत होता आणि त्याच्यासाठी फक्त एक पाकीट होतं. पाकिटात अर्धा किलो गोडा मसाला, अर्धा किलो मेतकूट, पेढे आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. दूधदुभत्याचं काही युरोपात बाहेरून नेता येत नाही आणि सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही हा नियम मीच कालच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घेतला होता. खरं सांगायचं तर कमी सामानाचा पहिला फायदा हाच, की नाही म्हणताना खोटं बोलावं लागत नाही.

तर ते सहाशे ग्रॅम. बॅग पलंगावर पालथी केली तेव्हा कळलं की लागणाऱ्या वस्तूंचं वजन फारसं नव्हतंच. वजन होतं ते "असू दे"चं. जास्तीची छत्री: असू दे. गरम पाण्याची पिशवी: असू दे. सेफ्टी पिनांची डबी, आख्खी: असू दे, काय वजन तिचं? आपल्याकडे कुठलीही वस्तू बॅगेत शिरते ती या दोन शब्दांच्या पासवर. लागेल म्हणून कुणी काही देत नाही. लागलं तर म्हणून देतात. आणि "लागलं तर" या जागी आपण काय काय कल्पून ठेवलेलं असतं! आइंडहोवन हे फिलिप्सच्या कारखान्याने वाढवलेलं शहर, विजेचे दिवे तिथून जगभर गेले. तिथे आमच्या "ह्यां"नी टॉर्च घेतला होता.

मी निर्दयपणे कापाकापी केली. टर्किश टॉवेल काढला आणि पंचा घातला. पंचाइतकी हुशार वस्तू आपल्याकडे दुसरी झाली नसेल: घडी मुठीत मावते, पिळला की तासाभरात वाळतो, डोक्याला बांधा, डबा बांधा, पाहुण्यांसमोर मात्र वाळत घालू नका. सुती कुडते काढून सिंथेटिक घेतले, कारण एप्रिलमध्ये तिकडे सुती कापड दोन दिवस ओलं राहतं. ॲडॉप्टर गळला, आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन गोल पिना तिथल्या सॉकेटात बसतात. बीपीच्या गोळ्या मोजून पंचेचाळीस आणि वर दहा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इथे मात्र "असू दे"ला मी मान दिला.

राहिलं खोबरेल. केबिनमध्ये कुठलाही द्रव १०० मिलीच्या बाटलीतूनच न्यायचा, हा नियम २००६ साली लंडनमध्ये विमानं उडवून देण्याचा कट उघडकीला आल्यापासूनचा. पण खोबरेल द्रव आहे का? चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं. पुण्यात मार्चमध्ये निघताना पातळ, एप्रिलच्या आइंडहोवनमध्ये दगड. एकच बाटली जाताना नियमात अडकणार आणि पोचल्यावर अडकणार नाही. हा प्रश्न मुंबईच्या विमानतळावर तपासणीला बसलेल्या बाईंना विचारायची मला फार इच्छा होती. "ह्यां"नी कोपराने ढोसलं.

नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार १४ नोव्हेंबर १८८९ ला एकटी जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परत आली. अंगावर एक पोशाख आणि हातात एक बॅग, सोळा इंच लांब आणि सात इंच उंच. बस्स. तिने त्या बॅगेत काय काय कोंबलं होतं ते वाचताना मला जिव्हाळा वाटला तो कोल्ड क्रीमच्या बरणीबद्दल. बाकी सगळ्या सामानापेक्षा तीच जास्त जागा अडवायची आणि नेमकं झाकण लावायच्या वेळी आडवी यायची, अशी बाईंची तक्रार. म्हणजे हे बरणीचं दुखणं विमानांच्या आधीपासूनचं आहे.

सात किलो बरोबर भरले. विमानातून उतरल्यावर पट्ट्याशी ताटकळणाऱ्या लोकांच्या शेजारून आम्ही दोघं अशा काही ऐटीत बाहेर पडलो की विचारू नका. स्खिपॉलच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून थेट गाडी, दीड तासात आइंडहोवन, आणि जिना मी स्वतः बॅग उचलून चढले. जावई खाली उभे राहून बघत होते. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला तेवढा दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

हा अभिमान साधारण आठवडाभर टिकला.

पाऊस पहिल्या दिवसापासूनच होता. मी काढून ठेवलेली छत्री पुण्यात होती; मी लेकीची घेतली. थंडी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. जाड जॅकेट तिचं घेतलं, तिला आखूड होणारं. शाम्पू तिचा, मोजे तिचे, तिच्या सायकलच्या टोपलीतला रेनकोट माझा. सातव्या दिवशी तीच कामावर निघताना दारात उभी राहून विचारत होती, "आई, माझं जॅकेट?" ते मी घातलं होतं. आणि रात्री धुतलेले कपडे हीटरवर वाळेनात, तेव्हा "ह्यां"नी गुपचूप बॅगेच्या तळातून नायलॉनची दोरी काढली आणि खोलीभर बांधली. टॉर्चच्या वेळी झालेल्या वादात ही सुटली होती. त्या दोरीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत, जेवताना फक्त दोनदा गालात हसले.

तेव्हा मला आजोबांची पडशी आठवली. ते दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालत. आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस आणि खांद्याला एक पडशी: एक धोतर, तांब्या, बुक्क्याची पुडी. गळ्यात टाळ. घरी कुणी जास्त सामान काढलं की वडील त्या पडशीचा दाखला द्यायचे, आणि मीही पुढे लेकीला देत आले. मग एका वर्षी मैत्रिणींच्या नादाने पुणे ते सासवड चालले. दिवे घाटात जीव निघाला, पण डोळे उघडले ते घाट संपल्यावर. दिंड्यांच्या मागे त्यांचे ट्रक लागलेले. राहुट्या, हंडे, गॅसच्या शेगड्या, डाळीतांदळाची पोती, आणि ओळीने रचलेल्या वळकट्या, प्रत्येकीवर नाव. वाटेतल्या गावांनी चहा, केळी, झुणका-भाकर घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं ते वेगळंच. आजोबांच्या काळी ट्रकच्या जागी बैलगाड्या असणार. त्यांची पडशी हलकी होती यात शंका नाही, पण वडिलांनी दाखला देताना गाडीचा उल्लेख कधी केला नाही. नेली ब्लायकडेही त्या बॅगेखेरीज दोनशे पौंड होतेच, सोनं आणि इंग्लंडच्या नोटा. १८८९ मध्ये एवढ्या पैशांत जिथे जाल तिथे हवं ते मिळत असणार.

माझी गाडी म्हणजे लेकीचं कपाट.

२७ एप्रिलला तिथे राजाचा वाढदिवस. सगळा देश नारिंगी कपडे घालतो आणि त्या दिवशी कुणीही परवान्याशिवाय फुटपाथवर दुकान मांडू शकतो. मांडतात काय, तर घरातली अडगळ. चादर अंथरून त्यावर जुने स्केट, कोडी, फुलदाण्या, एकट्या पडलेल्या बश्या. पोरं आपली खेळणी विकायला बसतात आणि घासाघीस करू देत नाहीत. वर्षभर ज्या "असू दे"ला घरात जागा दिली, ते सगळं त्या एका दिवशी रस्त्यावर येतं आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याच्या घरात जातं. मी ठाम होते. मी नुसती बघायला आले होते. आणि मग एका आजीबाईंच्या चादरीवर मला ती दिसली: भिंतीवर ठोकायची कॉफीची गिरणी. वर पांढऱ्या चिनीमातीचं निळ्या चित्राचं भांडं, खाली लोखंडी यंत्र, बाजूला लाकडी मुठीचा दांडा. आमच्याकडे कॉफी होते ती बाटलीतली, चमचाभर. दळायला घरात एक दाणा नाही. आठ युरो.

"घे," हे म्हणाले. "असू दे."

बिचाऱ्या नेली ब्लायनेही सिंगापूरला माकड विकत घेतलं होतं.

गिरणी केबिन बॅगेत जाईना. निघायच्या आदल्या रात्री लेकीने कपाटावरून तिची मोठी बॅग काढली. "तेवीस किलो आहेतच की तुझे. रिकामे." गिरणी तिच्या कॉलेजच्या स्वेटरात गुंडाळली. मग बॅगेत जागा आहे म्हणून नातीला लहान झालेले बूट आले, तिची बालवाडीतली चित्रं आली, एक फोटोंचा आल्बम आला, जावयांच्या पीएचडीचा बाइंड केलेला प्रबंध आला. "आई, हे तुझ्याकडे असू देत. इथे कपाटं केवढीशी आहेत बघतेस ना."

मी बघत होतेच. दीड महिना बघत होते. किती सुटसुटीत ठेवलंय हिने घर, असं मैत्रिणींना फोनवरून सांगतही होते. नऊ वर्षांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन गेली. माझ्या माळ्यावर तिचा बॅडमिंटनचा करंडक आहे, कथ्थकचे घुंगरू आहेत, शाळेची प्रगतिपुस्तकं बालवाडीपासून ओळीने आहेत, एका पायाचा रोलर स्केट आहे, आणि इंजिनिअरिंगची चार वर्षांची पुस्तकं आहेत. ते सगळं मी दर दिवाळीला खाली काढते, पुसते आणि कुरकुरत परत वर ठेवते.

बॅग जावयांनी जिन्यावरून खाली आणली. काही बोलले नाहीत.

परत आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रद्दीवाला आला. काटा बाहेर काढूनच उभा राहिला.

"पुस्तकं काढली का ताई? माळ्यावरची?"

"असू देत," मी म्हटलं.

"मग पेपर द्या."

पेपर नव्हते. पंचेचाळीस दिवस बंद ठेवले होते.