आधी माप घ्या, मग बोलू : आमची वाटचाल

खोल हाउसिंगच्या आतल्या भिंतीत एक खाच घ्यायची होती. व्हर्टिकल मिलिंगचा कटर सरळ खाली उतरतो, आडवा वळत नाही. त्यासाठी राइट अँगल हेड, म्हणजे कटर काटकोनात आडवा धरणारं जोडायचं हेड लागतं आणि आमच्या जुन्या मशीनचं हेड कधीच गायब झालेलं. भंगारात एक सापडलं, पण ते कुठल्या मशीनचं हे कुणालाच सांगता येईना. ते बसवायला आठ दिवस लागले, खाच चार तासांत झाली. हा खटाटोप बघून शेजारच्या वर्कशॉपवाल्याने विचारलं, "आमच्या मशीनलाही बसवून द्याल का?" धंदा तिथून सुरू झाला.

सुरुवातीला वाटायचं, हेड शोधणं हेच काम. हेड मिळतात हो. घोडं अडतं ते जोडात.

पहिला जोड टेपरचा, म्हणजे स्पिंडलच्या तोंडाच्या निमुळत्या भोकाचा. ब्रिजपोर्टचं मिलिंग मशीन म्हटलं की लोक आर८ जातीचा टेपर गृहीत धरतात. त्या मशीनच्या स्वतःच्या जुन्या एम हेडला मात्र मोर्स २ किंवा ब्राउन अँड शार्प ७ टेपरही असायचा. ४० नंबरचा टेपर सगळीकडे ७/२४ चाच, म्हणून एकाचा शँक (निमुळता दांडा) दुसऱ्यात छान बसतो. पण दुसरा जोड ड्रॉबारचा, म्हणजे शँक वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टचा. त्याचे आटे कुठे एम१६ (१६ मिमी), कुठे ५/८ इंची. दोन्हींत फरक इतका थोडा, की दोनेक आटे लागतात आणि मग अडकतं. तिथे पाना लावून जोर करणारे भेटले की आमचं काम वाढतं.

तिसरा जोड क्विलवरचा, म्हणजे स्पिंडलला घेऊन वर-खाली होणाऱ्या नळीवरचा. राइट अँगल हेडची बॉडी तिथे चिरलेल्या रिंगने आवळतात. ब्रिजपोर्टच्या नेहमीच्या जे हेडचा क्विल ३ ३/८ इंची, म्हणजे ८५.७३ मिमी. तसंच दिसणाऱ्या दुसऱ्या मशीनचा तेवढाच असेल याची खात्री नाही. आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका गिऱ्हाइकाने नेमप्लेटचा फोटो पाठवला, आम्ही त्यावरून माप धरून रिंग बोअर केली, म्हणजे आतलं भोक कापलं. बसवताना घट्ट गेली, तेव्हा आम्ही खूशच झालो. अर्ध्या तासात स्पिंडल हाताला चटका बसेल इतका तापला. ग्रीस बदललं, वेग कमी केला, फरक शून्य. शेवटी आमच्या फिटरकाकांनी ड्रॉबार हाताने फिरवत रिंगचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला, आणि स्पिंडल मोकळा झाला! क्विलच्या त्या टोकाला आतून स्पिंडलचं बेअरिंग बसलेलं असतं. लहान पडलेली रिंग क्विलसकट त्यालाच चिमटत होती. नवी बेअरिंग आमच्या खर्चाने बसवून दिली.

तेव्हापासून नेमप्लेटवर काम घेत नाही. क्विल मायक्रोमीटरने तीन दिशांनी मोजून पाठवा, म्हणतो. रिंग आधी चिरतो, फटीत शिम (पातळ पत्रा) घालून बोल्ट आवळतो आणि मगच शेवटचा बोअर घेतो. बसवतानाही क्रम ठरलेला: आधी ड्रॉबारने शँक ओढायचा, मग बॉडी आवळायची. उलट केलं तर शँक वर ओढला जातो आणि हेडच्या आतल्या बेअरिंगवर नको तो ताण येतो.

जुन्या हेडमधले बेव्हल गिअर, म्हणजे फिरकी काटकोनात वळवणारे दाते, हा वेगळाच ताप. जोडीतला एकच बदलून भागत नाही. ब्लू (निळा रंग) लावून दातांवरचा ठसा बघायचा, शिम बदलायची, पुन्हा बघायचा. एका हेडला दिवस जातो. घाई करणाऱ्याला हे सांगून पटत नाही.

आता अडॅप्टर (जोड जुळवणारे भाग) आणि रिंगा हेच आमचं मुख्य काम आहे, हेड शोधणं मागे पडलं. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला दरवेळी सांगावी लागते: हेड क्विलभोवती कुठेही वळतं, त्यामुळे डायल (काट्याचं मापयंत्र) लावून ते टेबलशी जुळवल्याशिवाय काप घेऊ नका. आणि कापही हलकाच घ्या.