डांबर न झालेले रस्ते

राद्दा इन किआंती, टस्कनी, इटली, रात्रीचे साडेदहा

दादा केव्हाच घोरायला लागलाय. माझे पाय इतके भरून आलेत की झोप काही येत नाहीये, म्हणून मोबाईलवर टाईप करत बसलेय, उद्या यातलं निम्मं विसरलेली असेन.

आजचा सायकलचा रूट राद्दावरून खाली गायोले, तिथून ब्रोलिओचा किल्ला, मग सान गुस्मे आणि संध्याकाळपर्यंत परत. नकाशावर बघितलं तर काहीच वाटत नाही. पण इकडची गावं जवळपास सगळी डोंगराच्या माथ्यावर बसलेली, गायोले तेवढं खाली खोऱ्यात, आणि दोन गावांच्या मधे ओढा ठरलेला, म्हणजे आधी मर मर करून चढलेलं सगळं उतारावर घालवायचं, पूल ओलांडायचा की समोर परत चढ, तोही खडीचा. डांबरी चढावर उभं राहून पॅडल मारता येतं, इथे उभं राहिलं की मागचं चाक जागेवर गरगर फिरतं, त्यामुळे बुड सीटला चिकटवून सगळ्यात हलक्या गिअरवर गप चढत राहायचं. उतारावर तर डोळे रस्त्यातच. मधे दोन चाकोऱ्या टणक, बाकी सुटी खडी, वळणांवर तिचे ढीग, आणि कुठे कुठे रस्त्याला आडव्या बारीक वळ्या पडलेल्या, त्यावरून गेलं की बाटलीपासून दातांपर्यंत सगळं खडखडतं. टायर चाळीस एमएमचे, हवा मुद्दाम कमी ठेवलेली, तरी आत्ता हात थरथरतायत.

धुरळा पांढरा. म्हणून स्त्रादे बियांके, पांढरे रस्ते. इथले दगड दोन प्रकारचे, अल्बेरेझे नावाचा कडक चुनखडीचा आणि गालेस्त्रो नावाचा पापुद्र्यापापुद्र्याचा. गालेस्त्रोचा एक तुकडा मी द्राक्षाच्या ओळीत उचलला तर बोटांनीच मोडला, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा कट्कन. या असल्या जमिनीत साँजोवेझे द्राक्षं मस्त होतात म्हणे. वरून बघून ही शेती आहे असं वाटतही नाही, नुसता दगडांचा खच. सध्या तोडणी चालू आहे, द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर जातात, आणि वायनरीजवळून जाताना आंबट गोड वास येतो, त्या वासानेच मला चढावर चक्कर यायची वेळ आलेली.

ब्रोलिओला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. सायप्रसच्या झाडांमधून खडीचा चढ थेट किल्ल्याकडे जातो. बाराव्या शतकापासून रिकासोली घराण्याकडे आहे हा किल्ला, आणि त्यातला बेत्तिनो रिकासोली म्हणजे एकीकरण झालेल्या इटलीचा दुसरा पंतप्रधान. याच बॅरनने 1872 साली किआंती वाइनमध्ये कुठली द्राक्षं किती घालायची ते एका पत्रात लिहून ठेवलं, साँजोवेझे मुख्य, जोडीला कानायोलो आणि थोडी पांढरी माल्वाझिया. आता इथल्या किआंती क्लासिको वाइनमध्ये पांढरी द्राक्षं चालत नाहीत, 2006 पासून बंद. दादा हे सगळं मला चढावर सांगत होता, मी धापा टाकत नुसती हूं हूं करत होते, खरं तर त्याचा राग येत होता की याला एवढा श्वास उरतोच कसा.

सान गुस्मे मला सगळ्यात आवडलं. तटबंदीच्या आत एवढंसं गाव, आणि तिथे एक पुतळा आहे, बसून प्रातर्विधी करणाऱ्या माणसाचा! खरंच. आणि खाली लिहिलेलं, राजा असो, पोप असो, तत्त्वज्ञ असो, शेतकरी असो, माणसाचं हे रोजचं काम आहे, हसू नका, स्वतःचा विचार करा. एवढ्या सुंदर गावाने हे इतक्या मोकळेपणी मांडलंय, आपल्याकडे ठराव झाला असता आणि पुतळ्यावर कापड पडलं असतं. त्याच्यासमोर आम्ही दोघांनी पाव खाल्ला, इथल्या पावात मीठच नसतं, मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ला.

येताना ऑलिव्हच्या झाडांकडे लक्ष गेलं. एक जाड खोड असायला हवं तर इथे बुंध्याच्या कडेने तीन तीन चार चार बारीक खोडं निघालेली. 1985 च्या जानेवारीत इथे भयंकर थंडी पडली होती, टस्कनीतली बहुतेक ऑलिव्हची झाडं गारठून मेली, लोकांनी ती जमिनीसरशी कापली, आणि मुळांतून जे फुटवे आले तीच ही आजची झाडं. फोटोत जुनंपानं दिसतं, प्रत्यक्षात बुंधा म्हातारा आणि खोडं माझ्यापेक्षा लहान.

आणि रस्त्यांचंही तसंच काहीतरी आहे, दिवसभर तेच डोक्यात होतं.

संध्याकाळी घराच्या मालकीणबाईंशी गप्पा झाल्या. त्या सत्तरीच्या पुढच्या, पाहुण्यांमुळे थोडं जर्मन येतं, दादा स्टुटगार्टला राहून जर्मन शिकलाय, म्हणजे त्यांचं इटालियन जर्मनमधून दादाकडे आणि दादाकडून मराठीत माझ्याकडे. मी म्हणाले की तुम्ही हे रस्ते किती छान जपलेत. तर त्या हसल्या. म्हणाल्या, जपले कुठे, हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा, वाळत घातलेले कपडे परत धुवायला लागायचे, कुणाला हवे होते हे रस्ते? त्यांचे आईवडील मेद्झाद्रियाचे, म्हणजे आपल्याकडची अर्धेलीच. जमीन मालकाची, घर मालकाचं, राबायचं सगळ्या कुटुंबाने आणि निम्मं पीक मालकाला. खाली गोठा, वर माणसं, गुरांची ऊब तेवढीच. युद्धानंतर पोरं शहाणी झाली, फ्लोरेन्स, पोज्जिबोन्सी अशा कारखान्यांच्या ठिकाणी निघून गेली, 1964 मध्ये कायदा करून अर्धेलीचे नवीन करार बंद झाले, आणि डोंगरातली घरंच्या घरं रिकामी पडली. मग ती स्वस्तात परदेशी लोकांनी घेतली. आज ज्या दगडी घरांचे मी दिवसभर फोटो काढले, स्विमिंग पूलवाली, त्यातली कितीतरी हीच.

रस्ते पांढरे राहिले कारण डांबर मागायला माणसंच उरली नव्हती.

हे ऐकून मला एकदम राजापूरकडचं आमचं घर आठवलं. आजोबांनी वाडीच्या रस्त्यासाठी किती अर्ज केले असतील देव जाणे, आणि रस्ता डांबरी झाला तोपर्यंत निम्म्या घरांना कुलपं, सगळे मुंबईला. म्हणजे आमच्याकडे माणसं गेल्यावर डांबर आलं आणि इथे माणसं गेली म्हणून आलंच नाही. आता त्या वाडीतल्या कातळावरच्या पायवाटेवर कोणी जर्मन माणूस दोन लाखांची सायकल घेऊन आला आणि म्हणाला काय सुंदर, तर आजोबांनी त्याला चहा दिला असता, पण मनातून वेड्यात काढलं असतं.

अर्थात आता जपतात, तेही खरंच आहे. 1997 मध्ये जियानकार्लो ब्रोची नावाच्या माणसाने गायोलेतून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची राइड सुरू केली, उरलेल्या पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून, पहिल्या वर्षी 92 जण होते. सायकल 1987 च्या आधीचीच पाहिजे, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या दांडीवर, ब्रेकच्या वायरी बाहेरून. आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जगभरातून लोक लोकरीच्या जर्सी घालून येतात. त्यातूनच 2007 पासून प्रोफेशनल रेस सुरू झाली, सिएना शहराच्या चौकात संपणारी. रस्ता टिकवायला आता यंत्र फिरवतात, चर काढतात, खडी टाकतात, म्हणजे कच्चा रस्ता कच्चा ठेवायलाही पैसे लागतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. मजा करायलाच आलेय मी, आणि मजा आलीच. फक्त 'इथे काळ थांबलाय' असं कॅप्शन टाकणार होते ते खोडलं. थांबला कुठे, माणसं उठून गेली.

दादाला परवा मोंतेगुफोनीला जायचंय, मोंतेस्पेर्तोलीजवळचा एक वाडा. दुसऱ्या महायुद्धात फ्लोरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयातली चित्रं तिथे नेऊन ठेवली होती, बोत्तिचेल्लीचं प्रिमावेरासुद्धा, आणि 1944 च्या उन्हाळ्यात लढाई तिथवर आली तेव्हा आठव्या भारतीय डिव्हिजनमधले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या वाड्यात होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं याच धुरळ्यातून चालत गेली असणार, तेव्हा गावात माणसंही होती आणि गोठ्यात गुरंही. त्यांनी घरी पत्रात काय लिहिलं असेल या रस्त्यांबद्दल, चित्रांपेक्षा मला त्याचंच कुतूहल जास्त. जाईन मी, पण गाडीने.

उद्याचं मात्र वेगळंच प्रकरण आहे, क्रेते सेनेसी, सिएनाच्या खालचा चिकणमातीचा मुलूख, आणि त्यात मोंते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा पट्टा, प्रोफेशनल रेसमधला सगळ्यात कुप्रसिद्ध. कान्चेल्लारा नावाच्या सायकलपटूने ती रेस तीनदा जिंकली म्हणून त्याचं नाव दिलंय या पट्ट्याला. पोगाचार नावाच्या दुसऱ्या सायकलपटूने 2024 मध्ये तर इथूनच सगळ्यांना सोडलं आणि तब्बल 81 किलोमीटर एकटा पुढे गेला. दादाचं म्हणणं पूर्ण करू. मी सांगून टाकलंय की आशानोपर्यंत येईन, तिथे स्टेशन आहे, सायकल घेऊन ट्रेनने सिएनाला जाईन, आणि तू धुळीने माखून येईपर्यंत चौकात माझं जेलाटो खाऊन झालेलं असेल.