आग्रा, धुके आणि आईचे माहेर

भुसावळहून दिल्लीला जाणारी आमची गाडी बुऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर असे करत आग्र्यावरूनच पुढे जाते. आग्र्याच्या फलाटावर चहा प्यायचा, तसेच पुढे दिल्लीला जायचे, तिथे भाच्याकडे दोन रात्री काढायच्या आणि मग पैसे भरून बसने पुन्हा आग्र्याला यायचे, यात कोणता शहाणपणा होता हे मला आजही कोणाला पटवून देता येणार नाही. भाच्याने हौसेने ‘दोन दिवस, एक रात्र, गाइडसह’ अशी सहल आमच्यासाठी आधीच आरक्षित करून ठेवली होती, आणि 76 वर्षांच्या आईला घेऊन रिक्षावाल्यांशी घासाघीस करत फिरण्यापेक्षा कोणी बसमध्ये बसवून नेत असेल तर बरेच, असे मलाही त्या वेळी वाटले. आई मात्र जाताना एकाच ठिकाणासाठी जागी राहिली होती. रात्री गाडी बुऱ्हाणपूरला थांबली तेव्हा ती खिडकीची काच वर करून त्या रिकाम्या फलाटाकडे बघत बसली होती. बुऱ्हाणपूर हे तिचे माहेर. आता तिथे आमचे कोणीही नाही, पण गाडी थांबली की ती बघतेच.

दिल्लीहून सकाळी निघालेली बस यमुना एक्सप्रेस वेवरून जाते, त्यामुळे रस्त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तक्रार सुरू झाली ती आग्रा जवळ आल्यावर. कार्यक्रमपत्रिकेत ‘इतमाद-उद-दौला’ असे ठळक छापलेले होते. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी 1622 ते 1628 या काळात यमुनेच्या डाव्या तीरावर बांधवलेली ही कबर मला ताजमहालाइतकीच बघायची होती, कारण पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचे जे काम पुढे ताजमध्ये शिगेला पोहोचले, ते तिथे आधी झालेले आहे. शिवाय ज्यांची ती कबर, ते मिर्झा घियास बेग म्हणजे मुमताजचे सख्खे आजोबा. गाइडने माइकवरून “लेफ़्ट साइड में बेबी ताज है, टाइम मिला तो कल देखेंगे” असे सांगितले. डाव्या बाजूला एक ट्रक होता. दुसऱ्या दिवशी वेळ मिळाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

आग्र्याच्या किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे पाच मिनिटे थांबू द्या, अशी विनंती मी आणि नागपूरचे एक जोडपे अशा तिघांनी केली, परंतु बस उभी करण्याची जागा पुढे असल्याने खिडकीतूनच हात जोडावे लागले. किल्ल्यात गाइडने शाहजहानच्या कैदेची गोष्ट रंगवून सांगितली: 1658 पासून आठ वर्षे तो इथे होता, मुलगी जहानआरा त्याची सेवा करत होती आणि बुरुजातून तो ताजकडे बघत असे. शाहजहान जानेवारी 1666 मध्ये मरण पावला आणि त्यानंतर चार महिन्यांनी, 12 मे 1666 रोजी, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात महाराज याच किल्ल्यात उभे होते, हा जोड मात्र त्याने दिला नाही. बापाच्या मृत्यूला वर्षही झालेले नसताना त्याच किल्ल्यात भरलेला तो दरबार कसा असेल, याचा विचार करत मी लाल दगडी सज्जावर उभा होतो. समोर ताज असायला हवा होता. तिथे राखाडी धुरकटपणा होता आणि त्यात एक माकड बसले होते.

किल्ल्यासाठी 50 मिनिटे मिळाली आणि संगमरवराच्या दुकानासाठी 70. हे मी घड्याळ लावून मोजले आहे. आधी एक कारागीर चाकावर दगडाची पाकळी घासून दाखवतो, ते खरोखर बघण्यासारखे असते. त्याच्या बोटांची टोके झिजलेली असतात. मग “हे ताज बांधणाऱ्यांचे वंशज” असे सांगितले जाते, दिवे मालवून टेबलावर विजेरी लावली जाते, दगड उजळतो, सगळे ‘आहा’ म्हणतात, चहा येतो आणि दार बंद होते. “देखने के पैसे नहीं” हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकले की शेवटी न बघण्याचे पैसे भरून सुटका करून घ्यावी असे वाटू लागले. त्यानंतर पेठ्याचे दुकान. आईने केशरी पेठ्याचा एक तुकडा तोंडात टाकला, “कोहळाच तो” एवढेच म्हणाली आणि बुऱ्हाणपूरच्या मावा जिलबीचा विषय काढला. हॉटेलातल्या रात्रीबद्दल एवढेच लिहितो की गरम पाणी सकाळी सहाला सुरू होणार होते आणि आम्हाला साडेपाचला निघायचे होते.

जानेवारीतल्या त्या सकाळी पूर्व दरवाजापाशी पाच हातांवरचे दिसत नव्हते. पेट्रोलची वाहने ताजच्या जवळ नेऊ देत नाहीत, म्हणून शिल्पग्रामच्या वाहनतळापासून बॅटरीच्या गाडीने पुढे जावे लागते. तपासणीच्या रांगा बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. मी आत जाऊन वाट बघत उभा होतो आणि आई येईना. तिच्या पिशवीत अडकित्ता निघाला होता. सुपारी खाणे डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी बंद केले आहे, तरीही हा अडकित्ता तिच्यासोबत प्रवास करतो, हे मला त्या रांगेत कळले. गाइड धावत गेला, अडकित्ता लॉकरमध्ये जमा झाला आणि आई रागाने लाल होऊन आत आली.

मुख्य प्रवेशद्वाराच्या कमानीखाली गाइडने आम्हा सत्तावीस जणांना डोळे मिटायला लावले. तो म्हणाला, हात धरा, दहा पावले चाला, आता उघडा. आम्ही उघडले. समोर पांढरे होते, फक्त पांढरे. बाग नाही, कालवा नाही, घुमट नाही. कोणीतरी हसले. लुधियानाच्या एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारले, “भाईसाहब, है तो सही ना?” गाइडची मला त्या क्षणी खरी दया आली, कारण ते दहा पावलांचे नाटक त्याने हजार वेळा केले असणार आणि आज पडदा उघडूनही रंगमंच दिसत नव्हता. धुके निवळेपर्यंत गोष्ट सांगतो, असे म्हणून त्याने सगळ्यांना कालव्याच्या कडेला उभे केले.

त्याची गोष्ट सवयीची होती. बेगमचे खरे नाव अर्जुमंद बानू, लग्न 1612 मध्ये, प्रेम अमर, “और फिर चौदहवें बच्चे की डिलीवरी में मौत हो गई, साउथ में, किसी जंग के कैंप में.”

“कैंप में नहीं,” आई म्हणाली. “बुरहानपुर में.”

गाइड थांबला. “हाँ माताजी, वही. एमपी में कहीं.”

“कहीं क्या? हमारा मायका है.”

त्यानंतर जे झाले त्याने माझी सहल वसूल झाली, असे मी मानतो. माझी आई चारचौघांत बोलणारी बाई नाही. हळदीकुंकवालाही ती कोपरा धरून बसते. त्या धुक्यात, कानटोपी घातलेल्या सत्तावीस माणसांपुढे, तिने आपल्या बुऱ्हाणपुरी हिंदीत सांगायला सुरुवात केली. बेगम किल्ल्यात वारली, तापी तिथे खालून वाहते, बेगमचा हमाम अजून आहे आणि त्याच्या छतावर रंगाची वेलबुट्टी आहे. तिला आधी पुरले ते इथे नाही, तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बागेत. सहा महिने ती तिथेच होती. बुऱ्हाणपूरचे लोक म्हणतात की ताजही तिथेच व्हायचा होता, पण माती पटली नाही. एका मुलीने विचारले, “आंटी, वहाँ अब क्या है?” आई म्हणाली, “बकरियाँ चरती हैं.”

ती सांगत होती त्यातले मुख्य सगळे खरे आहे. खानजहान लोदी या सरदाराच्या बंडामुळे शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेवर बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता, जून 1631 मध्ये मुमताज तिथे वारली, डिसेंबरात शाहजादा शुजाच्या सोबतीने तिचा देह आग्र्याला निघाला आणि पुढच्या वर्षी इथले बांधकाम सुरू झाले. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा मुले, त्यांतली सात जगली. हे आकडे मी पूर्वीही वाचले होते, पण आमच्या गावापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट मी नेहमी आग्र्याची म्हणूनच वाचत आलो होतो. आईच्या लेखी ती शेजारच्या वाड्यातली होती.

मुख्य मकबऱ्यात जायचे तर 50 रुपयांच्या तिकिटावर आणखी 200 रुपये पडतात. ‘सर्वसमावेशक’ सहलीत ते समाविष्ट नव्हते, आणि त्यावर बरीच कुरकुर होऊन निम्म्या लोकांनी बाहेरच थांबायचे ठरवले. मीही आईच्या गुडघ्यांचे कारण काढून बघितले. ती म्हणाली, “एवढ्या लांब येऊन तिला न भेटता जायचे?” बुटांवर कापडी खोळ चढवून, एकेक पायरी करत आम्ही वर गेलो.

आत छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे माणसे निदान काही क्षण डोळ्यांनी बघतात. घुमटाखाली आवाज घोंगावत राहतो. संगमरवरी जाळीच्या आत दोन थडगी दिसतात. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत आणि शाहजहानच्या उरुसाचे तीन दिवसच त्या लोकांसाठी उघडतात. बरोबर मध्यभागी मुमताजचे थडगे आहे. शाहजहानचे त्याच्या बाजूला, नंतर आणून ठेवल्यासारखे, आणि आकाराने मोठे. ज्या वास्तूत डाव्याला उजवे तंतोतंत जुळते, तिथे तो एकटाच मांडणी मोडून बसला आहे. आईने विचारले, “मधली तिचीच ना?” मी हो म्हणालो. “बरे,” ती म्हणाली. थोडा वेळ जाळीला हात न लावता तशीच उभी राहिली आणि मग हळू आवाजात, मला नव्हे, स्वतःशीच बोलली, “चौदा बाळंतपणे. त्याला कोणी काही बोलले नसेल.”

माझी थोरली मावशी बुऱ्हाणपुरात दुसऱ्या बाळंतपणात गेली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. अहेवपणी गेली, सोने झाले, असे त्या वेळी लोक म्हणाले होते, हे आईने मला फार वर्षांपूर्वी एकदाच सांगितले होते. सुट्टीत तापीच्या पलीकडे आहुखान्याकडे, म्हणजे जैनाबादच्या त्याच बागेकडे, वनभोजनाला जायचे, तेव्हा त्या पडक्या इमारतीपाशी उभे राहून ‘राणीला इथे ठेवले होते’ हे आईला प्रथम दाखवले ते मावशीनेच. मकबऱ्यात आई यातले काहीही बोलली नाही, आणि मीही विचारले नाही. रखवालदाराने शिट्टी फुंकली, “आगे चलिए, आगे चलिए,” आणि मागच्या गर्दीने आम्हाला दारापर्यंत आणून सोडले.

बाहेर आलो तेव्हा चबुतऱ्यावरचे मिनार फिकट दिसू लागले होते. ते किंचित बाहेरच्या बाजूला झुकवून बांधले आहेत, कोसळलेच तर मकबऱ्यावर पडू नयेत म्हणून, असे सांगतात. कमानीभोवतीची सुलेखनकार अमानत खानाची अक्षरे वर जाताना मोठी होत जातात, म्हणजे खालून बघणाऱ्याला ती एकसारखी वाटतात. त्या सकाळी वरची अक्षरे धुक्यात होती, तेव्हा हे पुस्तकावर विसंबून लिहितो आहे. तिकीट तीन तासांचे होते. ऊन जेमतेम घुमटावर चढले आणि संगमरवर राखाडीचा पिवळसर होऊ लागला, तोच गाइडने घड्याळ दाखवले, कारण नऊला न्याहारी बंद होणार होती. इडलीसाठी ताज सोडणारे लोक म्हणून आमची नोंद व्हायला हरकत नाही. ती इडलीही गार होती.

फत्तेपूर सिक्रीत मला फार थोडे बघायला मिळाले, कारण सलीम चिश्तींच्या दर्ग्याच्या अंगणात शिरताच चादर विकणाऱ्यांनी जो घेरा घातला, तो बुलंद दरवाज्यापर्यंत सुटला नाही. दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या इतक्या नाजूक आहेत की त्यांच्यासमोर तरी माणसाला पाच मिनिटे एकटे सोडावे; पण चादर पाचशेची, हजाराची, दोन हजारांची, आणि न घेणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू आपण पीराचा वैयक्तिक अपमान केला आहे. बुलंद दरवाजा सुमारे 54 मीटर उंच आहे. तो गुजरातच्या विजयाचा, असे गाइडने सांगितले. त्यावरच्या फारसी लेखात अकबराने दख्खन आणि खानदेश जिंकल्याची नोंदही आहे, हे मी वाचून गेलो होतो. ते सांगताच गाइडने मोठा उसासा टाकला आणि आईकडे वळून म्हणाला, “यह भी आपका मायका?”

“ते सासर,” आईने मला सांगितले. मी भाषांतर केले.

तेव्हापासून त्याने प्रत्येक वाक्यानंतर “ठीक है ना, माताजी?” असे विचारायला सुरुवात केली. सुरुवातीला ती थट्टा होती. परतीच्या बसमध्ये मात्र तो तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि जैनाबाद नदीच्या कोणत्या बाजूला, हमाम किल्ल्यात कुठे, असे एकेक विचारून मोबाइलमध्ये लिहून घेऊ लागला. पुढच्या गटाला सांगणार, म्हणाला. रात्री दिल्लीत उतरताना सगळ्यांनी त्याला बक्षिसी दिली. आईने पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला आणि बुऱ्हाणपूरला ये, मी दाखवीन, दुकानात नेणार नाही, असे बजावले. त्याने हसून विचारले, कुठे उतरायचे?

“भुसावळच्या आधी,” आई म्हणाली. “रात में आती है गाड़ी. सोना मत.”